पाखरीनं आखलेली वाट

करंजवाडी, ता. मुळशी
रविवार, २८ नोव्हेंबर १९८२

सौ. अनुसयेस थोरल्या भावाचा आशीर्वाद.

तुझी आठवण झाली म्हणून हे पत्र लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. काम सार्वजनिक आहे.

आमच्या गावामागच्या डोंगरावर वनोद्यान होणार आहे. म्हणजे झाडं आहेत तीच राहणार, फक्त खाली फाटक आणि पाटी लागणार, आणि फाटकापासून वर कड्यापर्यंत पायवाट होणार. पुण्याची माणसं सुटीत येणार, कड्यावरून धरणाचं पाणी बघणार आणि खाली येऊन चहा पिणार, असा एकंदर बेत आहे. वनखात्याचे साहेब सभेत म्हणाले, फाटक आणि पाटी आमच्याकडून, वाट गावानं श्रमदानातून करावी. सगळे आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघायला लागले. मी नुसतं "कल्पना चांगली आहे" म्हणालो, तर टाळ्या पडल्या आणि मी श्रमदान समितीचा अध्यक्ष झालो. बत्तीस वर्षं मास्तरकी केली, विचारल्याशिवाय बोलू नये म्हणून पोरांच्या हातावर छड्या मारल्या, आणि स्वतः मात्र काही शिकलो नाही.

आता मुद्दा. आपल्या आबांची पहार तुझ्याकडे आहे. तुझ्या घराचा पाया खणायला ते घेऊन आले होते, ती तिकडेच राहिली. इकडच्या पहारी कातळाला लावल्या की वाकतात. तरी ती कोळवणच्या एसटीत कंडक्टरकडे द्यावी, मी पौडला उतरवून घेईन. काम झालं की लगेच परत पाठवीन.

हसू नकोस. मी वस्तू परत पाठवतो.

गेणबारावांना नमस्कार. तुझ्या वहिनीची तब्येत बरी आहे, आवाज त्याहून बरा आहे.

तुझा
हैबतराव

ता. क. गोठ्यात पाखरीही बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगितलं.


करंजवाडी
रविवार, ५ डिसेंबर

सौ. अनुसयेस आशीर्वाद.

पहार मिळाली. सोबत एक इरलंही होतं. चिठ्ठी नव्हती. कंडक्टरला विचारलं, काही निरोप? तो म्हणाला, "बाई म्हनल्या, पहार भिजू न्हाई म्हनून इरलं दिलंय. मानसासाठी न्हाई."

पहार भिंतीला टेकवून ठेवली आहे, इरलं मी घालतो.

कारण पाऊस. भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, माणसं मोकळी झाली आणि ऐन थंडीत हा कुठून उपटला कोण जाणे. पहिल्या दिवशी सत्तावीस माणसं होती. नारळ फुटला, साहेबांनी फक्कीची पांढरी रेघ मारत अर्ध्या डोंगरापर्यंत वाट आखून दिली आणि ते पुण्याला गेले. दुसऱ्या दिवशी पाऊस आला आणि माणसं अकरा झाली. तिसऱ्या दिवशी चार. मी, नथू, तुळजाबाई आणि कुशाबा. नथू तुला आठवत असेल, सडकेवर मैलकुली होता, आता पेन्शनीत आहे. तुळजाबाई आम्हा तिघांएवढं एकटी खणते आणि तसं दर तासाला बोलूनही दाखवते. कुशाबाला घरी विडी ओढू देत नाहीत, म्हणून तो समाजकार्यात पडला आहे.

फक्की पहिल्याच सरीत धुऊन गेली. मी म्हणालो, घाबरू नका, रेघ माझ्या पक्की लक्षात आहे. दोन दिवस माझ्या आठवणीवर खणलं. धुकं असं की हातातल्या कुदळीचं पातं दिसत नव्हतं. काल दुपारी तुळजाबाई थांबली आणि म्हणाली, "मास्तर, फुडं कुनीतरी आदीच खनून ठिवलंय." जवळ जाऊन पाहिलं तर ती आमचीच परवाची वाट. कुशाबाची विझलेली विडीसुद्धा तिथेच पडली होती.

घरी येऊन तुझ्या वहिनीला, सारजाला, सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती चुलीपाशीच बसून म्हणाली, "लोकांसाठी वाटा बांदाया निघालाय. बहिनीच्या घरची वाट तीन वरसं मोडून पडलीया, ती न्हाई दिसत." मी ओले कपडे बदलायला आत गेलो. बराच वेळ बदलत होतो.

तुझा
हैबतराव


करंजवाडी
शुक्रवार, १० डिसेंबर

सौ. अनुसयेस आशीर्वाद.

पाऊस आहे तसाच आहे. पण काम मार्गी लागलं, हे कळवायला आनंद होतो.

युक्ती नथूची. तो म्हणाला, "मास्तर, फक्की नगं न् रेघ नगं. जनावर मोकळं सोडा फुडं. जनावर चडाला नाक लावत न्हाई, वळसा घेतंय. ते जाईल तितं मेखा मारायच्या. आमच्या सायबानं घाटात ह्येच केलं हुतं." समितीची बैठक झाली, म्हणजे आम्ही चौघं जांभळीखाली उभे राहिलो. जनावर कोणाचं, हा प्रश्न निघाला. नथूचा बैल लंगडा आहे. तुळजाबाईची शेळी कुणाच्याही कुंपणात शिरते, तिच्या मागे वाट काढली तर भांडणंच व्हायची. तेव्हा मी म्हणालो, आमची पाखरी घ्या.

वर "आमची" लिहिलंय ते खोडलंय. तू वाचलंच असशील.

तर पाखरी घ्या म्हणालो. काय चाललीये ती! सकाळी दावं सोडलं, तिनं एकदा मान वर करून हवेचा वास घेतला आणि निघाली. ना डावीकडे चरायला गेली, ना उजवीकडे. चढ आला की वळून तिरकी, दगड आला की बाजूनं. आम्ही मागे मेखा मारतोय, त्यामागे तुळजाबाई खणतेय. संध्याकाळी तिला घरी आणायचं, सकाळी शेवटच्या मेखेपाशी नेऊन सोडायचं, की ही परत चालू. तीन दिवसांत दोन डोंगरसोंडा ओलांडल्या. मी सगळ्यांना सांगितलं, ही समज तिला आमच्याकडे आल्यापासूनच आली आहे.

सारजा म्हणते, गाभण म्हशीला डोंगर चढवता, लाज नाही. पण अजून महिनाभर तरी अवकाश आहे, माझा हिशोब पक्का आहे. शिवाय ती स्वतःच्या मर्जीनं चालते.

तू तीन वर्षांपूर्वी निरोप धाडलास, पाखरी पाठवून दे. मी उलट कळवलं, नुकती व्यालेली म्हैस डोंगर कशी चढेल. ते मला आज वर जाताना आठवलं. का आठवलं कोण जाणे. धुक्यात माणसाला नको ते सुचतं.

तुझा
हैबतराव


करंजवाडी
मंगळवार, १४ डिसेंबर

अनुसये,

तुला सगळं ठाऊक आहे. तरी माझी बाजू ऐकून घे.

रविवारी सकाळपासून पाखरी उताराला लागली. नथू म्हणाला, "मास्तर, उतार लागला की." मी म्हणालो, निसर्गातल्या वाटेला चढउतार असायचेच, मेख मार. तो म्हणाला, "पर कडा तर वर हाय." मी त्याला गप्प केलं. अध्यक्ष मी आहे. काल दुपारी एकदम वारा सुटला आणि धुकं फाटलं. बघतो तर डोंगर पाठीमागे राहिलेला, समोर कोळवणचं खोरं, खाली माळवाडी, आणि पाखरी शेपूट हलवत सरळ तुझ्या गोठ्यात शिरतेय.

चौघंही उभे राहिलो. सगळ्यात आधी तुळजाबाई हसायला लागली. ती इतकी हसली की कुदळीवर टेकून खाली बसली.

नथू मात्र हसला नाही. तो म्हणाला, "मास्तर, आपुन येडं हाय. तुमच्या आबानं ही पारडी हुती तवा ह्याच अंगानं न्हेली हुती. नव्या घराला द्यायाची म्हनून. मी संगं हुतो. ती थकंल तितं आबा थांबायचं, तिला पानी दाखवायचं. ह्यो समदा आबाचा रस्ता हाय." बारा वर्षं झाली त्याला. त्याच्या पाठीवरून पाऊस गळत होता आणि तो हात करून दाखवत होता, इथे थांबलो, तिथे भाकरी खाल्ली. मीच विसरलो होतो. म्हशीच्या लक्षात होतं.

तू म्हणशील, मग खाली का आला नाहीस. तुझ्या चुलीचा धूर दिसत होता. अंगणात तू काहीतरी वाळत घालत होतीस, अशा पावसात काय वाळत घालत होतीस देव जाणे. मी एका दगडामागे गेलो आणि म्हणालो, नथू, तू जा आणि म्हैस घेऊन ये. समितीचा अध्यक्ष दगडामागे बसला होता. हे कुशाबा गावभर सांगेल, तेव्हा मीच सांगितलेलं बरं.

नथू तासाभरानं आला. त्याच्या मिशीला चहाची साय होती. म्हैस नव्हती. मी विचारलं, काय म्हणाली? तो म्हणाला, "अनसाक्का म्हनली, म्हस दावनीला बांदलीया. ज्याची हाय त्यानं स्वता येऊन न्ह्यावी."

तेवढं बोलून तू पदर खोचलास आणि आत गेलीस, असंही त्यानं सांगितलं. पदर खोचलास म्हणजे संपलं. लहानपणापासून मी ओळखतो.

हैबतराव


श्रमदान समिती, करंजवाडी
रविवार, १९ डिसेंबर १९८२

प्रति,
सौ. अनुसया गेणबा, मु. माळवाडी, खोरे कोळवण

विषय : सार्वजनिक कामाकरिता म्हैस उपलब्ध करून देण्याबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, वनोद्यानाच्या नियोजित पायवाटेचा कड्याकडील भाग अद्याप आखावयाचा राहिला असून समितीच्या कामावरील म्हैस सध्या आपल्या गोठ्यात आहे. तरी सदर म्हैस आपल्या माणसाबरोबर पाठवून सहकार्य करावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
अध्यक्ष

(हा मजकूर सारजानं वाचायला लावला. ऐकून ती म्हणाली, "पाठवा. बघा उत्तर येतंय का लाथ." मी तरी पाठवतोय.)


करंजवाडी
गुरुवार, ३० डिसेंबर

अनुसये,

काल पौडला कंडक्टरनं डबा दिला. म्हणाला, "बाईंनी सांगितलंय, म्हस मंगळवारी व्याली. ह्यो खरवस वहिनीसाठी हाय. मास्तरनं हात लावायचा न्हाई." मी म्हणालो, बरं. पौडपासून घरापर्यंत डबा मांडीवर घेऊन बसलो. हात फक्त डब्याला लावला.

म्हणजे माझा महिन्याचा हिशोब चुकला आणि सारजा बरोबर होती. दिवस भरत आलेली म्हैस मी डोंगरावर हाकली. नथू म्हणतो, अशी म्हैस आपला जुना गोठा धरते, तिला कोण अडवणार. ते खरं असेलही. पण मला रात्रभर वाईट वाटत राहिलं.

डबा उघडला तेव्हा सारजानं एक वडी तोंडात टाकली आणि माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. तिनं दुसरी वडी माझ्यापुढे ठेवली. मी म्हणालो, हात लावायचा नाही असा निरोप आहे. तर तिनं ती उचलून माझ्या तोंडात घातली आणि म्हणाली, "हात कुटं लावलाय?" वेलदोडा तू आईसारखाच घालतेस, जरा जास्त.

आज साहेब येऊन वाट बघून गेले. मी मागून चाललो होतो. साहेब खिंडीपर्यंत चढले, घाम पुसला नाही, दम लागला नाही. म्हणाले, "मास्तर, चढ कुठे लागलाच नाही. कुणी आखली?" मी म्हणालो, समितीनं. नथू मागून म्हणाला, "म्हशीनं." साहेब खिंडीत उभे राहिले. या अंगाला धरणाचं पाणी आणि त्या अंगाला तुमचं खोरं, दोन्ही एकदम दिसतं तिथून. म्हणाले, कडा राहू द्या, वाट इथपर्यंतच ठेवू, पाटी इथेच लावू. खिंडीपलीकडे कोळवणच्या बाजूला जे खणलंय ते उद्यानात येत नाही, त्याचं काय करायचं ते तुम्ही गावकरी ठरवा. बुजवायचं तर बुजवा.

तुळजाबाई ताडकन म्हणाली, "बुजवाया न्हाई खनलं. मास्तर चालतील त्याच्यावरनं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. या वेळी मी "कल्पना चांगली आहे" असंसुद्धा म्हणालो नाही.

हैबतराव


माळवाडीच्या वरच्या बांधावरून
रविवार, २ जानेवारी १९८३

अनू,

हे पत्र पेन्सिलीनं लिहितोय आणि इरल्याखाली लिहितोय, भुरभुर चालूच आहे. अक्षर वाकडं आलं तर छडी मारू नकोस. मी तुझ्या घरावरच्या बांधावर बसलो आहे. इथून तुझा गोठा चाळीस पावलं आहे, मी मोजली नाहीत, नथूनं मोजली.

सकाळी निघालो तेव्हा वाटत होतं सरळ आत येईन. खिंडीपर्यंत पायही भराभर पडत होते. इथे आलो आणि बसलो. नथू म्हणाला, "चला की." मी म्हणालो, आधी जरा लिहितो. त्यानं कपाळावर हात मारला.

पाखरी तुझी आहे. आबांनी तुला दिली होती. आमच्या पोराच्या, वाल्मीकच्या लग्नात चार दिवस दूध हवं म्हणून मी तिला आणलं, लग्न झालं, आणि मग आज पाठवतो, उद्या पाठवतो असं करत राहिलो. दसऱ्याला व्याली, दूध चांगलं द्यायला लागली, आणि माझी नियत फिरली. दुसरं काही नाही. महिनाभरानं भाऊबीजेला तू आलीस. मी पाटावर बसलो होतो, तू कुंकू लावलंस, अक्षता लावल्यास, निरांजन पेटवून ताट उचललंस आणि सहज म्हणालीस, दादा, पाखरी कधी धाडतोस? आणि मी चार माणसांसमोर तुला म्हणालो, ओवाळायला आलीस की म्हैस न्यायला? तू ताट खाली ठेवलंस. निरांजन तसंच जळत होतं. मी उठून तुझ्या मागे यायला हवं होतं, एसटी सुटायला अर्धा तास होता. मी पाटावरच बसून राहिलो, मास्तर ना मी. तेल संपेपर्यंत बसून होतो. सारजानं तेव्हापासून दर भाऊबीजेला माझं ताट वाढलंय पण पाट मांडला नाही.

चुकलं माझं. फार चुकलं. हे सांगायला तीन वर्षं आणि एक पहार लागली, आणि एवढा डोंगर खणावा लागला.

पाखरी न्यायला मी आलेलो नाही. तू म्हणालीस, ज्याची आहे त्यानं येऊन न्यावी. जिची आहे तिच्याकडेच ती आहे. मी तिची पारडी घेऊन आलोय, त्या दसऱ्याची. तीसुद्धा तुझीच. सवा तीन वर्षांची झालीये, अंगानं आईसारखी, हट्टानं तुझ्यासारखी. जिथे जिथे आबा थांबले होते म्हणतो नथू, तिथे तिथे मीही थांबलो आणि तिला पाणी दाखवलं. प्यायली नाही, पावसात कोण पाणी पितं. पण मी दाखवलं.

पहारही आणलीये. परत पाठवीन म्हणालो होतो.

आता नथू हे पत्र घेऊन खाली येईल. त्याला चहा दे, तो त्यासाठीच इतकी घाई करतोय. आज भाऊबीज नाही, मला ठाऊक आहे. पण कुंकू लावून झालं होतं त्या दिवशी. ओवाळायचं तेवढं राहिलं होतं.

उत्तर लिहू नकोस, एसटीतून येणारी तुझी लोखंडी पत्रं मला परवडत नाहीत. दारात येऊन नुसती हाक मार. "दादा" म्हणवत नसेल तर "ओ मास्तर" म्हण, तरी मी उठेन. काहीच म्हणवत नसेल तर निदान परत तो पदर खोचू नकोस, मला इथून दिसतं.

मी बसलोय.

हैबतदादा

ता. क. पारडीनं दावं हिसडलं आणि ती नथू निघायच्या आधीच धावत सुटली आहे. पत्र पोचायच्या आधी ती गोठ्यात आली, तर ओळख आणि आत घे. मागून मी आहे.